'सॉर्ट'ला मराठीत काय म्हणायचं? आधी सांगा, ढीग की रांग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या मोबाइल ॲपचं मराठी करायचं काम तुमच्याकडे आलंय. त्यात 'सॉर्ट' हा शब्द पाच ठिकाणी आहे: कांदा भरण्याआधीच्या सूचनेत, आवकेच्या यादीवरच्या बटणावर, 'कोणत्या प्रकारचा कांदा' या रकान्यात, तक्रारीला जाणाऱ्या उत्तरात आणि शेवटी हिरवी टिकखूण उमटते तिच्याखाली. शब्दकोशात 'वर्गीकरण' दिसलं म्हणून तुम्ही पाचही ठिकाणी तेच घातलंत. कंपनीच्या माणसाने 'हे आमच्या लोकांना कळणार नाही' म्हणून फाइल परत पाठवली. आता बरोबर शब्द कोणता, असं विचारताय.

एकच बरोबर शब्द नाहीये, ते तुमच्याही लक्षात आलं असेल. पण 'संदर्भाप्रमाणे बदलतो' एवढं सांगून मी सुटलो तर तुमचं काम तिथेच अडकलेलं राहील. भाषांतराच्या धंद्यात मला बरीच वर्षं झाली, आणि त्याआधी काही वर्षं मी छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवत होतो. या शब्दाशी माझी ओळख तिथली आहे. इंग्रजी छापखान्यात शिशाच्या एकेका खिळ्यालाच 'सॉर्ट' म्हणत. आपण नुसतं 'खिळा' म्हणायचो. ('आउट ऑफ सॉर्ट्स', म्हणजे अंगात कसंतरी होणं, हा वाक्प्रचार खिळे संपलेल्या कंपोझिटरच्या चिडचिडीवरून आला, असं पुष्कळ जण सांगतात. गोष्ट गोड आहे, सिद्ध झालेली नाही.)

मजकूर छापून झाला की खिळे सोडवून परत आपापल्या खणात टाकायचे. नवशिक्याला पहिले काही महिने हेच काम. 'क' कच्या खणात, 'म' मच्या खणात. हे एक सॉर्टिंग. पण मजा अशी, की पेटीतले खण वर्णमालेच्या क्रमाने नसतात. जे अक्षर जास्त लागतं त्याचा खण हाताशी आणि मोठा, क्वचित लागणारं जोडाक्षर लांब कोपऱ्यात. म्हणजे प्रत्येक खिळा आपल्या जातभाईंत नीट जाऊन पडलेला, पण अकारविल्हे रांग कुठेच नाही. इंग्रजी 'सॉर्ट'मध्ये ही दोन कामं एकत्र गुंडाळलेली आहेत. सारख्या गोष्टी सारख्यांत टाकणं म्हणजे ढीग करणं, आणि एकामागे एक लावणं म्हणजे रांग करणं. मराठीत दोन्हींना एक शब्द नाही. मला ती मराठीची उणीव वाटत नाही. आपली भाषा फक्त आधी विचारते, तुला नक्की काय करायचंय?

शब्दाचं मूळ लॅटिन 'सॉर्स'मध्ये आहे. अर्थ चिठ्ठी, फासा, आणि त्यावरून वाट्याला आलेलं नशीब. तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत येताना त्याचा अर्थ 'प्रकार' झाला आणि मग 'प्रकारांप्रमाणे वेगळं करणं'. हे परकं वाटत असेल तर आपले 'भाग' आणि 'भाग्य' शेजारी ठेवून बघा. वाटा आणि नशीब, दोन्हींचं मूळ एकच. 'माझ्या वाट्याला काय आलं' या वाक्यात वाटणीही आहे आणि दैवही. तेव्हा मुळात हा शब्द वाट्यांचा, ढिगांचा. रांग त्यात नंतर शिरली.

ती कशी शिरली हेही बघण्यासारखं आहे. संगणकाच्या आधी पंचकार्डं असायची, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पत्रं. ती वेगळी करणाऱ्या यंत्राला सॉर्टर म्हणत. यंत्र फक्त एक काम करायचं: एका रकान्यातलं भोक बघून कार्ड त्या त्या कप्प्यात टाकायचं. शुद्ध ढीग. पण हेच काम एककाच्या रकान्यापासून सुरू करून, दर वेळी कप्पे क्रमाने एकावर एक रचून, दशक, शतक असं पुढे नेलं, की शेवटी सगळी कार्डं चढत्या क्रमाने हातात येतात. ढीग करता करता रांग तयार होते. यंत्राचं नाव 'सॉर्टर' तेच राहिलं, आणि संगणकवाल्यांनी ते रांगेच्या कामाला लावलं.

ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांची क्विकसॉर्ट ही क्रम लावण्याची रीतही अशीच आहे. आपल्या धंद्यातल्या माणसाला ती आवडावी, कारण तिचा जन्म भाषांतराच्या कामात झाला. १९५९च्या सुमारास होअर मॉस्को विद्यापीठात होते आणि रशियन वाक्यांचं यंत्राने इंग्रजी करण्याच्या खटपटीत होते. शब्दकोश चुंबकीय फितीवर होता, फीत मागेपुढे गुंडाळत बसणं परवडणारं नव्हतं. म्हणून वाक्यातले शब्द आधी क्रमाने लावून घ्यायला हवे होते. त्यांची युक्ती अशी: एक शब्द धरा, त्याच्या आधी येणारे सगळे एका बाजूला, नंतरचे दुसऱ्या बाजूला. मग प्रत्येक बाजूत पुन्हा तेच. दोन ढीग, चार ढीग, आठ ढीग, आणि ढीग एकेका शब्दाचे उरले की रांग झालेली असते. १९६१ साली ती प्रसिद्ध झाली. तुमच्या ॲपमधलं तारखेचं बटण दाबलं की आत अशीच क्रम लावणारी एखादी रीत चालते. पण शेतकऱ्याला आतले ढीग दिसत नाहीत, त्याला रांग दिसते. म्हणून बटणावर रांगेचाच शब्द हवा.

दोन्ही कामं एकाच ठिकाणी बघायची असतील तर टपाल बघा. टपालखात्यात 'वर्गीकरण' हा शब्द रुळलाय आणि तिथे तो शंभर टक्के बरोबर आहे. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर होते, टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतातले कवी, नाटककार. पिनच्या सहा आकड्यांतला पहिला विभाग सांगतो, आपल्याकडचा ४. पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो. हा जिल्हा महसुली जिल्हा नव्हे. कोल्हापूर, सांगली आणि पार तळकोकणातली सावंतवाडी तिघांचेही पिन ४१६ने सुरू होतात. साताऱ्याचा आणि रत्नागिरीचा ४१५ने. सह्याद्री मध्ये उभा असला तरी पत्रांचा ढीग एक. पुढे तीच पत्रं पोस्टमनच्या हातात आली की तो ती पुन्हा लावतो, पण आता आपल्या वाटेच्या क्रमाने: आधी देवळाची आळी, मग पाटलांचा वाडा, मग दवाखाना. ही रांग. इंग्रजी दोन्हींना सॉर्टिंग म्हणून मोकळं होतं. पोस्टमनच्या या कामाला 'वर्गीकरण' म्हणाल तर तो हसेल. तो म्हणतो, 'पत्रं लावतोय'.

या 'लावणे'कडे आपण फार दुर्लक्ष करतो. कपाट लावतो, पुस्तकं लावतो, पत्ते खेळताना हातातले पत्ते लावतो. भाषांतर करायला बसलं की मात्र हे क्रियापद आपल्याला घरगुती वाटतं आणि आपण 'करण'वाल्या संस्कृत शब्दाकडे धावतो. माझ्या मते रांगेच्या अर्थाने 'लावणे'पेक्षा चांगला शब्द मराठीत नाही. मांडणे वेगळं, त्यात दिसण्याचा भाग आहे. रचणे वेगळं, त्यात एकावर एक चढवणं आहे. जुळवणे म्हणजे सुटे भाग एकत्र आणणं. 'लावणे'त प्रत्येक गोष्टीला तिची जागा मिळते, बाकी काही गृहीत धरलेलं नाही.

आणि ज्या धोरणाने लावायचं ते सांगायला आपल्याकडे 'वार' आहे. तारीखवार, गाववार, खातेवार, तपशीलवार. फारसीकडून आलेलं हे शेपूट इतकं कामाचं आहे की वर्गवारी, प्रतवारी, क्रमवारी, टक्केवारी, आकडेवारी हे सगळे शब्द त्याच्यावर उभे आहेत. वर्तमानपत्रं अलीकडे 'निहाय' वापरतात: जिल्हानिहाय, पक्षनिहाय. तेही चालतं, जरा कचेरीतलं वाटतं इतकंच. 'अकारविल्हे'मधला 'विल्हे'ही असाच. विल्हेस लावणे म्हणजे जागच्या जागी लावणे, मार्गाला लावणे. बिचाऱ्याचं पुढे 'विल्हेवाट' झालं आणि आता तो बहुतेक कचऱ्याच्या बातम्यांत भेटतो.

'क्रमवारी'बद्दल एक शंका मनात ठेवा. पुष्कळ ॲपमध्ये 'क्रमवारी लावा' असतं आणि ते चूक नाही. पण क्रिकेटच्या बातम्यांनी या शब्दाला पहिला नंबर, दुसरा नंबर असा वास लावलाय. 'कसोटी क्रमवारीत भारत कितवा' हा त्याचा आजचा मुख्य अर्थ. आवकेची यादी तारखेने लावताना कुणाचा नंबर वरखाली करायचा नसतो. 'क्रमाने लावा' म्हटलं की ती शंका जाते. शाळेतले 'चढता क्रम', 'उतरता क्रम' सगळ्यांना माहीत आहेत, तेच वापरा. तारखेच्या बाबतीत मात्र तेही टाळा. 'चढत्या क्रमाने तारीख' म्हणजे जुनी आधी की नवी, हे मलाही क्षणभर थांबून ठरवावं लागतं. सरळ 'नवी आवक आधी', 'जुनी आवक आधी' असं लिहा.

आता तुमची कांद्याची सूचना. तिथे मूळ इंग्रजीत सॉर्ट आणि ग्रेड असे दोन शब्द जोडीने असणार, बहुतेक ठिकाणी असतात. ही दोन कामं वेगळी आहेत आणि शेतकरी ती वेगळीच करतो. सॉर्ट म्हणजे इथे ढीगही नाही आणि रांगही नाही, इथे काहीतरी टाकून द्यायचंय: सडका, कोंब आलेला, डेंगळ्याचा (फुलाचा दांडा आलेला), जोड कांदा बाजूला काढायचा. याला मराठीत 'निवडणे' म्हणतात. तांदूळ निवडतो, भाजी निवडतो, तसाच कांदा निवडतो. गंमत म्हणजे मराठीत 'निवडणे' हे नको ते काढण्यालाही आहे आणि हवं ते घेण्यालाही. 'तांदूळ निवडले' म्हणजे खडे काढले, 'साडी निवडली' म्हणजे साडी घेतली. घोटाळा होत नाही, कारण कशाबद्दल बोलतोय ते ऐकणाऱ्याला माहीत असतं. ॲपमध्ये तो होऊ शकतो. 'कांदा निवडा' असं बटण केलंत तर लोक यादीतून पिकाचं नाव निवडायला जातील. म्हणून सूचनेत लिहा, 'खराब कांदा निवडून बाजूला काढा'. मग ग्रेड: आकाराने मोठा, मध्यम, गोल्टी म्हणजे लहान. ही 'प्रतवारी', आणि हा शब्द बाजार समितीच्या आवारात सगळे जाणतात. वर्गवारी आणि प्रतवारी यांत फरक इतकाच, की वर्गवारीत ढीग शेजारी शेजारी असतात, प्रतवारीत एक दुसऱ्यापेक्षा चांगला असतो आणि दर वेगळा मिळतो. जिथे दर बदलतो तिथे प्रत.

चाळणे, पाखडणे, वेचणे, छाटणे, छाननी हे शब्दही कोशात 'सॉर्ट'च्या आसपास सापडतील. प्रत्येकात एक अवजार किंवा हाताची एक हालचाल दडलेली आहे: चाळणी, सूप, बोटं, कात्री. छाननी मात्र आता पूर्ण कचेरीत गेलीय, अर्जांची छाननी. कांद्याची छाननी लिहू नका.

तिसऱ्या ठिकाणी, रकान्यात, 'सॉर्ट' हे नाम आहे. तिथे तुमचं 'कांद्याचे वर्गीकरण' वाचून शेतकऱ्याने काय भरायचं? 'प्रकार' चालेल. पण आधी कंपनीला विचारा, त्यांना वाण हवंय की हंगाम. कांद्यात लोक पोळ, रांगडा, उन्हाळ असं हंगामावरून बोलतात, आणि बियाण्याचं नाव विचारायचं असेल तर 'वाण' म्हणतात. 'जात' हा शब्द शेतीत सर्रास आहे, पण फॉर्मवर नाव, गाव यांच्याखाली नुसतं 'जात' दिसलं तर लोक काय लिहितील ते तुम्हीच ओळखा. मी एकदा असंच 'कॅटेगरी'चं 'प्रवर्ग' केलं होतं, दुकानाच्या ॲपमध्ये. साबणाचा प्रवर्ग. आरक्षणाच्या रकान्याशिवाय हा शब्द कुठे दिसत नाही, हे मला छापून झाल्यावर सुचलं.

यादीबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. ती भाषांतराची नाही, पण शिव्या भाषांतरकारालाच पडतात. सभासदांची नावं अकारविल्हे लावायचं बटण असेल तर ते करून बघितल्याशिवाय फाइल सोपवू नका. संगणकाला वर्णमाला येत नाही, प्रत्येक अक्षराचा सांकेतिक क्रमांक येतो. युनिकोडमध्ये, म्हणजे या क्रमांकांच्या जगभर चालणाऱ्या तक्त्यात, 'ळ' लगेच 'ल'नंतर आहे, आपण मात्र तो 'ह'नंतर शिकलो. त्यामुळे वर्णमालेने कासार आधी आणि काळे नंतर, तर नुसत्या क्रमांकांवर चालणाऱ्या यादीत काळे आधी. अनुस्वाराचा क्रमांक स्वरांच्याही आधीचा, म्हणून कंद आधी आणि कट नंतर. बाराखडीत तर 'कं' पार 'कौ'च्या मागे. हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण, सगळ्या मात्रांच्या मागे, म्हणून 'क्रम' आणि 'क्षमा' दोघेही 'कौल'च्या खाली, आणि 'क्ष' स्वतंत्र अक्षर म्हणून शेवटी शोधणाऱ्याला तो तिथे सापडत नाही. सगळ्यात हाल 'ॲ'चे. हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा आलं, त्याला 'ह'च्याही पुढचा क्रमांक मिळाला. त्यामुळे 'ॲ'ने सुरू होणारं नाव थेट यादीच्या तळाला जातं, आणि 'ऑ'वालं मात्र वर स्वरांत आरामात बसतं. एका संस्थेच्या छापील यादीत अशी दोन नावं 'गळली' म्हणून गदारोळ झाला होता. गळली नव्हती, 'ह'च्या खाली होती.

यावर उपाय आहे. मराठीसाठी क्रमाचे नियम तयार असतात, प्रोग्रॅमरने ते वापरायचे असतात. तुम्ही फक्त आठ शब्दांची चाचणी यादी द्या: कंद, कट, कासार, काळे, कौल, क्रम, क्षमा, ॲप. आकडेही तपासा. आकडे मजकूर म्हणून साठवले असतील तर १, १०, ११, २ असा क्रम लागतो आणि दहाव्या गोणीचा हिशोब दुसरीच्या आधी येतो.

एक्सेलमध्ये काम करत असाल तर एक जुनी जखम दाखवतो. शिष्यवृत्तीची एक यादी होती, नावं एका रकान्यात, गुण शेजारी. कुणीतरी फक्त नावांचा रकाना निवडला आणि क्रमाने लावला. नावं हलली, गुण जागेवर. यादी दिसायला सुंदर, अकारविल्हे, आणि प्रत्येकापुढे दुसऱ्याच कुणाचे तरी गुण. संध्याकाळी लक्षात आलं, कारण एका मुलाला स्वतःचे गुण पाठ होते. ती दुरुस्त करताना मूळ फाइल सापडली हे नशीब. लॅटिन अर्थाने सॉर्स.

चौथी जागा तक्रारीच्या उत्तराची, 'सॉर्ट आउट'. इथे वर्गीकरण, क्रम, निवड यांतलं काहीच नाही. मराठीत यासाठी क्रियापदांचा बाजार आहे, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. 'निस्तरणे' म्हणजे दुसऱ्याने करून ठेवलेला घोळ नाइलाजाने उपसणे. 'मिटवणे'त दोन बाजू आणि थोडी तडजोड आहे. 'सोडवणे' गाठीला आणि गणिताला. 'मार्गी लावणे' अडलेल्या कामाला. 'सोक्षमोक्ष लावणे'त आवाज चढलेला आहे. आणि इंग्रजीतल्यासारखं माणसाला सॉर्ट आउट करायचं असेल तर आपण 'बघून घेतो' म्हणतो, ते अर्थात ॲपमध्ये नको. पट्टीवर (विक्रीच्या हिशोबाच्या पावतीवर) दोन गोण्या कमी लागल्या, अशी तक्रार असेल तर 'आम्ही हे बघतो आणि तुम्हाला कळवतो' इतकंच लिहा. 'बघतो' हा शब्द फार हलका वाटत असेल तर 'तपासून कळवतो'.

राहिली हिरवी टिकखूण, 'सॉर्टेड'. पुण्यामुंबईची पोरं हा शब्द मराठीतच वापरतात, 'त्याचं लाइफ सॉर्टेड आहे' म्हणजे त्याचं मार्गी लागलंय. पण तुमचा वाचक तो नाही. 'निकाली काढली' हा कचेरीचा शब्द तर अजिबात नको. ज्याच्या दोन गोण्या गेल्यात त्याला 'तुमची तक्रार निकाली काढली आहे' असं वाचून आपल्यालाच बाहेर काढल्यासारखं वाटतं. 'मिटली' चांगला, पण मिटली की नाही ते ठरवणार कोण? कंपनीने उत्तर पाठवलं म्हणजे तक्रार मिटली असं होत नाही. मी तुमच्या जागी असतो तर टिकेखाली 'उत्तर पाठवलं आहे' एवढंच लिहिलं असतं आणि प्रोग्रॅमरला फोन करून विचारलं असतं, की त्याखाली 'तक्रार मिटली का?' असा प्रश्न आणि 'हो', 'अजून नाही' अशी दोन बटणं बसतील का.